वाचते घडाघडा, कळत नाही: कोपरखैरण्यातल्या आठवीतल्या एका मुलीचे प्रकरण

प्रकरणातली मुलगी आठवीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, पाचवीपासून सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळे मराठीतून. राहायला कोपरखैरण्यात, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत, आई पोळीभाजीचे डबे करते, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत वडीलच तिला घेऊन आले. "इंग्लिश घडाघडा वाचती मॅडम, मार्कबी चांगलं पडत्यात. मग सायन्सला काय हुतंय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. इंग्रजी विषयात 70च्या पुढे आणि विज्ञानात काठावर पास, असा तिचा निकाल. विज्ञानाच्या शिक्षकांचे मत, मुलीला विषयात रस नाही. मुलीचे मत, "मला सायन्स जमतच नाही."

तपासणी

वाचलेले न कळण्यामागची कारणे शोधताना पहिली विभागणी करायला एक जुने सूत्र पुरते. 1986 मध्ये फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी ते मांडले: वाचनाचे आकलन म्हणजे लिपी उलगडता येणे गुणिले भाषा समजणे. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्याकडे झुकली की दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याकडेच जाते. पालकांना आणि पुष्कळदा शिक्षकांनाही पहिलीच बाजू ऐकू येते, कारण ती मोठ्याने वाचली जाते.

तपासणीसाठी मी सव्वाशे शब्दांचा एक इंग्रजी उतारा लिहिला. विषय ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. तो निवडला कारण विषयाचे अज्ञान आड यायला नको होते. ऐरोलीचे जैवविविधता केंद्र तिने शाळेच्या सहलीत पाहिले होते, आणि हिवाळा लागला की फ्लेमिंगोंचे व्हिडिओ नवी मुंबईत फोनोफोनी फिरत असतात. 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, एवढे सुरुवातीला देऊन पुढे खाडीतले सांडपाणी, त्यावर पोसणारे शेवाळ आणि ते खाणारे पक्षी यांची साखळी मांडली होती.

आधी तिने मोठ्याने वाचले. उच्चार स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणे, पूर्णविरामाला आवाज खाली. वडील म्हणत होते ते शंभर टक्के खरे. मग उतारा उलटा ठेवून काय कळले ते मराठीत सांगायला लावले. "फ्लेमिंगोबद्दल आहे. ते पिंक असतात. खाडीचं पाणी घाण आहे." बस्स. तिन्ही वाक्ये बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

तिसऱ्या टप्प्यात त्याच मजकुराचे मराठी रूप मी तिला वाचून दाखवले. आता तिने साखळी कार्यकारणासकट सांगितली आणि वर विचारले, "मग सगळं सांडपाणी साफ केलं तर पक्षी यायचे कमी होतील का?" हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. तो विचारणाऱ्या मुलीला विज्ञानात रस नाही म्हणणे कठीण. लिपी येते, विषय समजतो, डोकेही चालते. अडते ते मधल्या इंग्रजी शब्दांत, हे इथे स्पष्ट झाले.

पण मग इंग्रजीत 70च्या वर गुण येतात कसे? याचे उत्तर तिनेच करून दाखवले. उताऱ्याखाली एक प्रश्न होता: 'व्हाय मे द बर्ड्स अबॅन्डन द एरिया?' प्रश्नातले 'बर्ड्स', 'अबॅन्डन' आणि 'एरिया' हे शब्द तिने उताऱ्यात शोधले, ते ज्या वाक्यात सापडले ते अख्खे वाक्य उतरवले. उत्तर बरोबर. काय लिहिलेस म्हणून विचारले तर हसली. "मॅडम, ते शब्द तिथं होते ना."

कृतिपत्रिकेतले निम्मे काम या युक्तीने होते. वेब पूर्ण करा, खरे की खोटे, कोण कोणास म्हणाले, सगळीकडे शब्दाला शब्द जुळवला की भागते. मुले हे स्वतःच शोधून काढतात आणि त्यात लबाडी नसते, उलट हुशारीच असते. विज्ञानात मात्र प्रश्नाचे शब्द आणि धड्याचे शब्द बहुधा वेगळे असतात. धड्यात 'वॉटर इज रिक्वायर्ड' असते आणि प्रश्नात 'नेसेसरी' येतो. तिथे जुळवाजुळव संपते, आणि आपण म्हणतो विज्ञान जमत नाही.

कोणते शब्द अडतात

मग तिला न कळणाऱ्या शब्दांना पेन्सिलीने गोल करायला सांगितले. सव्वाशेपैकी एकवीस शब्दांना गोल झाला. म्हणजे तिला उताऱ्यातले साधारण 83 टक्के शब्द माहीत होते. ऐकायला चांगले वाटते. वाचनात हे फार कमी आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलेला आकडा असा की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात. बातिया लाउफर यांनी त्याआधी 95 टक्के ही किमान पायरी सुचवली होती. सव्वाशे शब्दांत 95 टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, 98 टक्के म्हणजे दोन-तीन. एकवीस अनोळखी शब्द असताना संदर्भावरून अर्थ ओळख म्हणणे निरर्थक आहे, कारण संदर्भच अनोळखी शब्दांनी भरलेला असतो.

ते एकवीस शब्द आम्ही वेगळे काढले. इथे इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन यांची तीन थरांची मांडणी उपयोगी पडते. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द, तिसऱ्यात विषयाच्या परिभाषेतले, आणि मधल्या थरात बोलण्यात कमी पण सगळ्याच विषयांच्या पुस्तकांत वारंवार येणारे. तिच्या गोलांपैकी 'अल्गी' आणि 'न्यूट्रिएंट्स' तिसऱ्या थरातले. त्यांची मला चिंता नव्हती. परिभाषेतला शब्द धड्यात ठळक छापलेला असतो, त्याची व्याख्या शेजारी असते, शिक्षक तो फळ्यावर लिहितात आणि परीक्षेत तो हमखास येतो. 'इव्हॅपोरेशन' म्हणजे काय हे तिला पक्के माहीत होते, कारण बाष्पीभवन ती चौथीतच शिकली होती. कल्पना आधीची, शब्द फक्त नवा.

उरलेले बहुतेक गोल मधल्या थरावर होते: डिपेंड, प्रोव्हाइड, ऑलदो, हाउएव्हर, कॉज, इन्क्रीज, फर्दर, अबॅन्डन, रिमेन. या शब्दांना वाली नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना ते सोपे वाटतात, विज्ञानाच्या शिक्षकांना ते विज्ञान वाटत नाही. कुठल्याच धड्याच्या शेवटी ते ठळक छापलेले नसतात. आणि वाक्यातली गोष्ट दुसऱ्या गोष्टीला जोडण्याचे काम मात्र नेमके हेच करतात. मुलीने सांगितलेली ती तीन सुटी वाक्ये आठवा. तिच्या वाचनात नामे शिल्लक राहिली आणि त्यांच्यातले नाते गळून गेले.

हा प्रश्न नवा नाही. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ 1920च्या दशकात ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकांत क्वचितच लागणारे नवे शब्द दाटीवाटीने येतात हे त्यांनी पाहिले आणि उपयोगी शब्द बेताने, पुन्हापुन्हा येतील अशी पुस्तके तयार केली. त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्याच उपखंडातल्या मुलांसाठी शब्द निवडून शिकवण्याचे शहाणपण शंभर वर्षे जुने आहे. 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी वर्गातली पद्धत अजून 'धड्यातले सगळे कठीण शब्द लिहा' हीच.

वर्ड-मीनिंगची वही

तिच्याकडे अशी वही होतीच, सुवाच्य अक्षरातली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे गाईडमधून उतरवलेला मराठी अर्थ. गोल केलेल्यांपैकी चांगले निम्मे शब्द त्या वहीत आधीच सापडले. 'अबॅन्डन' पुढे लिहिले होते 'परित्याग करणे'.

"परित्याग म्हणजे काय गं?"

"माहीत नाही, मॅडम."

घरी सातारकडची बोली, शाळेत प्रमाण मराठी, गाईडमध्ये संस्कृतप्रचुर मराठी. अर्थाच्या रकान्यात तिने दुसरा अनोळखी शब्द लिहून ठेवला होता. 'परित्याग' खोडून आम्ही 'सोडून जाणे' लिहिले, आणि शेजारी तिने स्वतः घातलेले वाक्य: धरणाला जमीन गेली तेव्हा आजीच्या माहेरच्या लोकांनी गाव सोडले. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसांना 'अबॅन्डन' समजवायला याहून जास्त लागत नाही.

वहीचे रूप मग बदलले. आठवड्याला सात-आठच शब्द, तेही मधल्या थरातले. प्रत्येकाला बोलीतला अर्थ, तिचे स्वतःचे मराठी वाक्य, मग इंग्रजी वाक्य, आणि शब्दाचे कुटुंब: पोल्यूट, पोल्यूटेड, पोल्यूशन. चित्रकार्डे आमच्याकडे भरपूर आहेत, पण त्यांचा उपयोग झाला नाही. 'हाउएव्हर'चे चित्र कसे काढणार? शब्द एकदा लिहून ठेवल्याने आपला होत नाही, तो वेगवेगळ्या वाक्यांत दहाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक वेळा भेटावा लागतो. म्हणून दर आठवड्याचा छोटा उतारा मीच लिहू लागले आणि मागच्या आठवड्यांतले शब्द त्यात पेरू लागले. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्याला पर्याय मला दिसलेला नाही.

जरी आहे, तरी नाही

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'ऑलदो'वर, आणि तो सार्थकी लागला. उताऱ्यातले वाक्य होते: 'ऑलदो द क्रीक इज पोल्यूटेड, लार्ज फ्लॉक्स अराइव्ह एव्हरी विंटर.' ऑलदो म्हणजे जरी, हे सांगून झाले. तिने भाषांतर केले, "जरी खाडी घाण आहे, मोठे थवे दर हिवाळ्यात येतात," आणि थांबली. काहीतरी राहिले आहे असा तिचा चेहरा.

राहिले होते ते 'तरी'. मराठीत ही जोडी असते: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जितका–तितका. पहिला शब्द कानावर पडला की आपण नकळत दुसऱ्याची वाट बघतो, आणि तो आला की वाक्याचे दुसरे अंग सुरू झाले हे कळते. इंग्रजी पहिला शब्द देते आणि दुसऱ्याच्या जागी पुष्कळदा नुसता स्वल्पविराम ठेवते. मराठी मूल त्या स्वल्पविरामापाशी हरवते. आपली मुले 'ऑलदो' लिहून पुढे 'बट' घालतात ना, त्याचे मूळही इथेच आहे. ती बिचारी 'तरी'ची जागा भरत असतात. शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात आणि पुढे जातात.

उपाय अगदी साधा केला. जिथे इंग्रजी गप्प बसते तिथे स्वल्पविरामाच्या डोक्यावर पेन्सिलीने 'तरी' लिहायचे. 'इफ' असेल तर 'तर'. 'व्हेन' असेल तर 'तेव्हा'. पहिल्या काही दिवसांत उतारे देवनागरी टिपांनी भरून गेले. शाळेत असे लिहिलेले चालत नाही, हे तिने मला दोनदा बजावले. अभ्यासिकेत चालते, म्हटले. दिवाळीच्या सुटीपर्यंत टिपा आपोआप विरळ झाल्या; तिने त्या ठरवून सोडल्या नाहीत.

'अनलेस'ने मात्र दमवले. तो शब्द तिने 'लेस' धरून 'कमी' असा वाचला होता, आणि शब्दाचे तुकडे पाडायला आम्हीच शिकवले असल्याने तिची काही चूक म्हणता येत नव्हती. या शब्दाच्या पोटात नकार दडलेला असतो. 'अनलेस इट रेन्स' म्हणजे पाऊस पडला नाही तर. नकार कुठे आहे ते दाखवायला वाक्य उलटेपालटे करून बरेच घासावे लागले, आणि अजूनही ती तिथे अडखळते.

मार्केटचा भाव

हे शब्द वापरात कसे आणायचे हा प्रश्न वडिलांनी, नकळत, सोडवला. सकाळी ते कामावरून आले की चहा घेताना मार्केटची बातमी सांगतात: आवक किती गाड्या, भाव काय फुटला. मी मुलीला सांगितले, रोज बाबांकडून एकच बातमी घे आणि ती दोन इंग्रजी वाक्यांत आण. आवकेसाठी 'अरायव्हल्स' हा शब्द दिला, वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या पानावर तोच असतो.

सुरुवातीला वाक्ये सुटी आली. 'द अरायव्हल्स इन्क्रीज्ड. द प्राइस फेल.' मग 'देअरफोर' जोडले गेले. आवक वाढली की भाव पडतो, यात तिला काही नवल नव्हते. एके दिवशी बातमी उलटी आली. आवक कमी, भाव होता तिथेच. तिने वडिलांना विचारले, असे कसे? "आवक कमी हुती खरी, पण माल वला हुता. वल्या मालाला कोण भाव देतंय? गोणीतच सडायचा." त्या संध्याकाळी वहीत आले: 'ऑलदो द अरायव्हल्स डिक्रीज्ड, द प्राइस रिमेन्ड द सेम बिकॉज द अनियन्स वेअर वेट.' ऑलदोच्या मागे 'बट' नव्हता, 'रिमेन्ड' जागच्या जागी होता, आणि कारण तिने स्वतः मिळवलेले होते.

अपेक्षा एक असताना घडते दुसरेच, तिथे 'ऑलदो' लागतो. ज्याला अपेक्षाच नाही त्याला हा शब्द शिकवून उपयोग नाही. मार्केटबद्दल तिच्या अपेक्षा पक्क्या होत्या, म्हणून शब्दाला जागा सापडली. अभ्यासिकेतल्या इतर मुलांसाठी हेच लोकलच्या वेळापत्रकावर, क्रिकेटवर करून पाहिले. क्रिकेट चालले. लोकलमध्ये मुलांना फारसा रस नव्हता.

घरी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांचा मात्र उलटा त्रास झाला. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात द्रव्याच्या संघटनावर धडा आहे, इंग्रजीत त्याच्या नावात 'मॅटर'. वसाहतीत 'मॅटर झाला' म्हणजे भांडण झाले. 'सोल्युशन' म्हणजे पंक्चरवाल्याची ट्यूब. विज्ञानात ते द्रावण, गणितात उकल. 'टेबल', 'करंट', 'पॉवर', 'प्रॉडक्ट' सगळे असेच. हे शब्द तिने कधीच गोल केले नव्हते, कारण ते तिला येतात असे तिला वाटत होते. गोल करण्याच्या चाचणीची ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी: 83 टक्के हा आकडा खरे तर याहून खालचा असणार. या शब्दांसाठी वहीची मागची पाने राखली, एका शब्दाला एक पान, आणि नवा अर्थ भेटेल तशी भर. शब्दकोशावर हे सोडता येत नाही. पहिला दिसेल तो अर्थ उचलायची सवय मुलांना असतेच.

आजची स्थिती

सहामाहीनंतर खारफुटीवरचा नवा उतारा दिला, आधीच्याच लांबीचा. या वेळी गोल सात. वाचून झाल्यावर तिने मराठीत सांगितले ते कारणासकट: मुळे गाळ धरून ठेवतात, त्यामुळे किनारा टिकतो, भराव टाकला की भरतीचे पाणी आत येत नाही आणि झाडे मरतात. एक 'अनलेस'चे वाक्य उलटे सांगितले. विषय तिच्या घराजवळचा होता आणि उतारा मी लिहिला होता, तेव्हा हा निकाल जरा हात राखूनच घ्यावा. विज्ञानाच्या पुस्तकातला, मी न लिहिलेला परिच्छेद दिला तेव्हा ती निम्म्यापर्यंत पोहोचली. आधी ती तोंडपाठ म्हणायची, आता कुठे कळेनासे झाले ते बोट ठेवून दाखवते.

शाळेतले चित्र सरळ नाही. विज्ञानात ती काठावरून थोडी वर आली. इंग्रजीत मात्र एका घटक चाचणीत गुण कमी झाले. उताऱ्यातले वाक्य उतरवण्याऐवजी तिने आपल्या शब्दांत उत्तर लिहिले, त्यात 'अराइव्ह'चे स्पेलिंग चुकले आणि काळही चुकला. शेजारच्या मुलीने वाक्य जसेच्या तसे उतरवून पूर्ण गुण घेतले. वडील विचारायला आले. शिकवणी लावल्यावर मार्क कमी कसे, हा प्रश्न त्यांनी फार सभ्यपणे विचारला, पण विचारला. मी दोन्ही उत्तरे त्यांच्यासमोर ठेवली आणि मुलीला तिच्या उत्तराचा अर्थ मराठीत सांगायला लावले. त्यांनी ऐकून घेतले. "म्हंजी हिला कळलंय," म्हणाले, "पण पेपरात दोन्ही लागतंय की मॅडम." त्यांचे चूक नाही. परीक्षेसाठी उताऱ्यातले वाक्य घे, पण त्याखाली पेन्सिलीने त्याचा अर्थ तुझ्या शब्दांत लिही आणि मग खोड, असा मार्ग सध्या काढला आहे.

पुढचा टप्पा विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकांचा. मागच्या पेपरांतून आम्ही प्रश्नांतलीच क्रियापदे आणि जोडशब्द वेचतो आहोत: ऑब्टेन्ड, ऑब्झर्व्ह्ड, रिस्पेक्टिव्हली, डिस्टिंग्विश, अकॉर्डिंग टू. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना ही यादी दाखवली तेव्हा त्यांनी 'रिस्पेक्टिव्हली'वर बोट ठेवले. यावर दरवर्षी अर्धा वर्ग अडतो आणि आजवर आपल्याला वाटायचे मुले आकडेमोडीत चुकतात, असे ते म्हणाले. यादीतले पाच शब्द दर सोमवारी ते तासाच्या सुरुवातीला फळ्यावर घेणार आहेत, अर्थ मराठीतून.